शंभर चिंचोके

ज्या गावाचे नावच सावलीवरून पडले, त्या गावात इतके ऊन असावे, ही पंचवटीची एक गंमतच म्हणायची. पाच वडांची ती पंचवटी. सीतागुंफेजवळचे वड यात्रेकरूंना आजही मोठ्या भक्तिभावाने दाखवतात. पण त्या वडांची सावली संपली आणि माणूस रामकुंडाच्या बाजूला उतरू लागला, की चैत्र-वैशाखात त्याला कळून चुकते, की नाव निराळे आणि गाव निराळे. एक ऊन डोक्यावर असते, दुसरे घाटाच्या तापलेल्या दगडांतून पायाखाली येते, आणि तिसरे गंगेच्या पाण्यावरून उलटून तोंडावर येते. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, हे वाचकांना ठाऊक असेलच.

या उन्हात लोक काही हौसेने उभे राहत नाहीत. रामकुंडावर माणूस येतो तो बहुधा आपल्या कुणाला तरी पोहोचवून. अस्थी विसर्जन करायच्या, पिंड द्यायचे, आणि त्याआधी क्षौर. जन्मात कधी ज्याने सूर्य पाहिला नाही असे ते डोके, नुकताच वस्तरा फिरलेले, उघड्या अंगासह तीन-तीन तास घाटावर तापत बसे. विधी उरकून यजमान आमच्या वाड्यावर परतत, तेव्हा त्यांच्या डोक्याची नि पाठीची कातडी लालबुंद झालेली असे. आमचे घर तीर्थोपाध्यायांचे. कपाटात लाल फडक्यांत बांधलेल्या वह्या, त्या वह्यांत यजमानांच्या पिढ्याच्या पिढ्या, आणि ओसरीवर त्या वह्यांतली जिवंत माणसे, अशी आमच्या घराची मांडणी होती. घाटावर डोळ्यांतून टिपूस न काढलेला एखादा बाप्या माणूस संध्याकाळी ओसरीवर बसून पुन्हा पुन्हा म्हणे, "डोक्याची फार आग होते हो!" गेलेल्या माणसाचे दुःख बोलता येत नाही, डोक्याची आग मात्र बोलता येते.

अशा वेळी माजघराच्या दारामागून एक हात बाहेर येई. त्या हातात पळसाचे पान असे आणि पानावर लोण्यासारखा पांढराशुभ्र गोळा. "चोळायचं नाही म्हणावं. नुसतं ठेवायचं," एवढे बोलून हात आत जाई. तो हात आमच्या आत्याआजीचा. ती माझ्या आजोबांची बहीण. लाल आलवण, डोईवर पदर, एकभुक्त आणि सोवळे. बायका-मुलांना ती स्वतः लेप लावी. परक्या पुरुषांसमोर मात्र तिचा हातच काय तो येई.

तो पांढरा गोळा म्हणजे शंभर वेळा धुतलेले तूप. वैद्य त्याला शतधौत घृत म्हणतात. आत्याआजी 'धुतलेलं' एवढेच म्हणे. पहाटेची वेळ ती या कामाला राखून ठेवी. नाशिकच्या भांडीबाजारातून आणलेली, तांबटाच्या हातची एक उथळ परात होती. तीत गाईचे साजूक तूप अर्धी वाटी. रात्री वाळ्याची जुडी टाकून ठेवलेले पाणी शेजारी. दोन पळ्या पाणी तुपावर घालायचे आणि तांब्याच्या गडव्याच्या बुडाने गोल गोल घोटायचे. तूप आणि पाणी आधी एकमेकांना ओळख देत नाहीत. मग हळूहळू पाणी गढुळते, तूप मऊ पडते. परात तिरपी करून ते पाणी ओतायचे आणि नवे घालायचे. हे झाले एक धुणे. अशी शंभर.

पहिल्या दहा धुण्यांत काहीच घडत नाही. पिवळे, रवाळ तूप हट्टाने तसेच राहते. तिसाच्या सुमारास रंग उतरू लागतो. साठाला ते फुगते, कारण आता त्याने पोटात पाणी धरलेले असते. आणि शंभर होता होता तुपाचा वास जवळजवळ जातो, स्निग्धपणा राहतो पण चिकटपणा जातो, आणि बोटावर घेतले तर बोट गार पडते. उरकायला तीन तास तरी हवेत. पाणी गंगेचे चालत नसे. आम्ही मुलांनी एकदा कळशी भरून आणली, तर म्हणाली, "गंगेचं पाणी पापाला, आडाचं पाणी अंगाला!"

आत्याआजीला अक्षरओळख नव्हती आणि विसापुढचे आकडे तिचे गडबडत. म्हणून तिने दोन वाट्या ठेवल्या होत्या. एकीत शंभर चिंचोके, दुसरी रिकामी. एक धुणे झाले, की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. ते चिंचोके वर्षानुवर्षे तेच होते. हाताळून हाताळून ते शिसवीसारखे चकचकीत झाले होते. आम्हाला सारीपाटाला चिंचोके हवे असत, पण त्या वाटीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

तुपावरून घरात कुरबुर होई, ती सांगितली नाही तर गोष्ट फारच गोड होईल. किल्ल्या आईच्या कमरेला होत्या. दक्षिणेवर चालणारे घर, पानावर बसणारी दहा तोंडे. "आत्याबाई, मुलांच्या भातावर तुपाचा थेंब पडत नाही, आणि तुम्ही वाटीवाटीनं परक्यांच्या डोक्यांना देता!" आईचेही काही चुकत नव्हते. आत्याआजी त्यावर बोलली नाही. मात्र त्या दिवसापासून तिने आपल्या एकवेळच्या भातावर तूप घेणे सोडले. आपल्या वाटणीचे चमचाभर तूप ती रोज एका बुडकुलीत साठवू लागली. हे आईच्या ध्यानात यायला दीड-दोन महिने लागले. आले त्या रात्री आई काही न बोलता उठली, आणि पहाटे आत्याआजी माजघरात आली तेव्हा परात मांडलेली होती, परातीत तूप होते, आणि शेजारी चिंचोक्यांच्या वाट्या होत्या. पुढे दर उन्हाळ्यात तसेच होत गेले. दोघींनी त्याविषयी कधी एक शब्द काढल्याचे मला आठवत नाही.

मी बारा-तेरा वर्षांची असताना तिला विचारले, "आत्याआजी, हे तुला कुणी शिकवलं?" ती घोटत होती. घोटता घोटताच म्हणाली, "आईनं. मी तुझ्याएवढी होते." नवरा म्हणजे कोण हे नीट कळायच्या आत तो गेला होता. तिला माहेरी आणले आणि घाटावर नेऊन तिचे केस उतरवले. दिवस वैशाखाचे होते. "केस गेल्याचं कळलं नाही गं. डोकं भाजलं ते कळलं. मी रडायला लागले, तर सगळे म्हणाले, उगी, नशीब असतं एकेकाचं. आई काही म्हणाली नाही. ती परात घेऊन बसली. तिला तरी कुठं मोजता येत होतं? तिनं शंभर चिंचोके मांडले. संपले तेव्हा दिवेलागण झाली होती."

एवढेच बोलून तिने परात तिरपी केली, पाणी ओतले आणि एक चिंचोका पलीकडे टाकला.

1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींनी सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निश्चय केला होता, हे मी पुढे वाचले. ती वार्ता आमच्या घाटाच्या पायऱ्या उतरायला फार उशीर झाला. घाटावरून परतणाऱ्या माणसाचे डोके पाहून आत्याआजी का उठे, हे मात्र मला त्याच पहाटे कळले.

आता थोडे शास्त्राचे. चरकसंहितेत दाहज्वर आणि विसर्प यांच्या चिकित्सेत शतधौत आणि सहस्रधौत घृताची नावे येतात. रोममध्ये दुसऱ्या शतकात गॅलन नावाच्या ग्रीक वैद्याने मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून मलम केले, आणि आजचे कोल्ड क्रीम त्याच्याच वंशातले, असे सांगतात. माझी नात रसायनशास्त्र शिकते. ती म्हणते, "आजी, दोन्हींत तत्त्व एकच. पाण्याचे बारीक थेंब स्निग्ध पदार्थात अडकवायचे. अंगावर ते पाणी उडून जातं, म्हणून गार वाटतं. तूप राहतं, म्हणून कातडी कोरडी पडत नाही." आत्याआजीला हे ऐकून नवल वाटले नसते. ती म्हणाली असती, मग शंभर वेळा कशाला धुते मी?

नातीने दोन-तीन ताकिदीही दिल्या आहेत, त्या सांगते. आधी गार पाण्याचे फडके ठेवून कातडीतली उष्णता उतरवायची, लेप त्यानंतर. फोड आले असतील, ताप किंवा उलट्या असतील, तर लेप नको, डॉक्टर हवा. विस्तवाने किंवा वाफेने भाजले असेल तर तुपाच्या वाटेला जायचेच नाही. पाणी उकळून गार केलेले घ्यावे. लेप थोडाच करावा, शीतपेटीत ठेवावा आणि आठवड्यात संपवावा. खाण्यासाठी तो नाही. आणि मुख्य म्हणजे, उन्हाने कातडीचे जे नुकसान झाले ते याने भरून येत नाही. आग तेवढी निवते. म्हणून भर दुपारी छत्री, टोपी, पदर जे असेल ते डोक्यावर घ्यावे.

आमचा वाडा आता नाही. तिथे पाच मजली इमारत आहे. हल्ली शतधौत घृत डबीतून विकत मिळते, आणि चांगले मिळते. तरी परात माझ्याकडे आहे, आणि चिंचोक्यांच्या वाट्याही. त्यांतले सात चिंचोके हरवले होते, ते मी नवे घातले. अजून ते वेगळे ओळखू येतात. गेल्या वैशाखात नात सुटीला आली असताना क्रिकेट खेळून मान भाजून घेऊन आली. डबी आणायला कुणाला तरी पाठवत होतो, तर तीच म्हणाली, "आजी, आपण करूया." साठापर्यंत तिने घोटले, पुढचे मी. मध्ये बोलणे फारसे झाले नाही. चिंचोके मात्र तिने एकदाही चुकवले नाहीत.

दिवाळीच्या फराळासाठी तुमच्याही घरी लोणी कढले असेल. त्यातले अर्धी वाटी तूप बाजूला ठेवा. ऑक्टोबरचे ऊन काही कमी नसते, आणि चिंचोके कुठेही मिळतात.