दोन दिवाळ्या

दिवाळी वर्षातून एकदाच येते, असे तुम्ही म्हणाल. मी मात्र सहा वर्षे, दर वर्षी दोन दिवाळ्या साजऱ्या केल्या. त्यांतली एक खोटी असे आणि ती नेहमी आधी येई. खरी आली की मी बहुधा घरी नसे.

२००६ ते २०१२ या काळात मी एका दैनंदिन मालिकेत थोरल्या सुनेचे काम करीत होते. मालिकेचे नाव सांगत नाही. ज्यांनी पाहिली त्यांना ते आठवेल, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांचे काही अडले नाही. रात्री आठ वाजता, ताटे मांडायच्या वेळेला, मी घरोघर जात असे. भाजीवाली मेथीची जुडी हातात देताना बजावी, "सासूला एवढं डोक्यावर चढवू नका, वहिनी!" जुडीचे पैसेही कधी कधी घेत नसे. नाटकात वीस वर्षे काढली, पण फुकटची मेथी मला त्या मालिकेनेच दिली.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा मी सहा वर्षांची होते. पुढे आमच्या चाळीत एका बिऱ्हाडात संच आला आणि 'गजरा' पाहायला सगळी चाळ तिथे लोटू लागली. दादा मला पुढे बसवी आणि स्वतः दाराच्या चौकटीत उभा राही. "एक दिवस तूही यात दिसशील," असे काही तो म्हणाला नाही. तो तसले बोलणाराच नव्हता. पण राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी रात्री लांबल्या की मला न्यायला तोच येई. कोपऱ्यातल्या खुर्चीवर डुलक्या घेई आणि वाटेत विचारी, "त्या तिसऱ्या प्रवेशात तुला खरंच रडू येतं का गं?" मी दर वेळी निराळे उत्तर देई. त्याला ते ठाऊक असे, तरी तो विचारी.

१९९९ साली अल्फा मराठी वाहिनी आली, 'आभाळमाया' गाजली, आणि नाइटच्या हिशेबावर पोट भरणाऱ्या आम्हा नटमंडळींना महिन्याचा हिशेब करता येऊ लागला. हे उपकार मी विसरत नाही. माझ्या मुलीची फी आणि आमच्या गोरेगावच्या घराचे हप्ते त्या थोरल्या सुनेनेच फेडले.

आमचे मालिकेतले घर घोडबंदर रोडला एका शेडमध्ये उभे होते. मोठा वाडा, पण त्याचा जिना चौदाव्या पायरीला संपे आणि पुढे नुसती फळी. देवघरामागचे दार उघडले की वायरींची भेंडोळी दिसत. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वगळल्या की बावीसेक मिनिटे उरतात. तेवढी मिनिटे रोज शिजवायची म्हणजे सकाळी नऊला उभे राहायचे ते रात्री नऊपर्यंत. प्रवेशाचे कागद झेरॉक्सच्या यंत्रातून गरम गरम हातात पडत.

त्या वाड्यात कोजागिरीच्या सुमारासच दिवाळी येई. कंदील लागे, प्लॅस्टिकच्या तुळशीपुढे पणत्या तेवत. फराळ मात्र खायचा नसे. या शॉटमध्ये अर्धी असलेली चकली पुढच्या शॉटमध्येही अर्धीच हवी! माझ्या धाकट्या दिराचे काम करणाऱ्या मुलाने एकदा भुकेपोटी दोन लाडू मटकावले, तेव्हा दिग्दर्शकांनी असे काही आकांडतांडव केले की साऱ्या मालिकेत तेवढे नाट्य कधी घडले नव्हते.

२००९ सालची गोष्ट. वाड्यातली भाऊबीज आम्ही दहा दिवस आधी चित्रित केली होती. मी मालिकेतल्या भावाला ओवाळते आणि माझे डोळे भरून येतात, असा तो प्रवेश. पहिल्याच टेकला मला एकाएकी दादा आठवला, दाराच्या चौकटीत उभा असलेला. डोळ्यांतून आपोआप धारा लागल्या. सेटवर सगळे गप्प झाले. एवढ्यात वरून विमान गेले आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याने हात वर केला. टेक वाया गेला. पुढचे सहा टेक ग्लिसरीन घालून झाले. त्यांतला शेवटचा घेतला.

खऱ्या भाऊबीजेला सुटी देऊ, असे कबूल केले होते. पण एक सहकलाकार आजारी पडल्याने भागांचा साठा संपत आला आणि आदल्या रात्री निरोप आला : सकाळी नऊ. दादा डोंबिवलीहून दुपारी आमच्या घरी आला, जेवला, माझ्या मुलीशी पत्ते खेळला आणि सहापर्यंत वाट पाहून गेला. मी घरी पोचले ती रात्री अकराला. फोन केला.

"रागावलास?"

"छे! आठ वाजता पाहिलं की मी. ओवाळलंस. पोचलं." मग थोडे थांबून, "का गं, तेव्हा खरंच रडू आलं तुला?"

"ग्लिसरीन रे, दादा."

तो हसला. मीही हसले. त्याने पाहिले ते ग्लिसरीनच होते. त्यात खोटे काही नव्हते. पहिल्या टेकचे मात्र मी बोलले नाही. दमले होते, आणि असे बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. पुढे कधीतरी सांगू, असे वाटले.

पुढच्या वैशाखात दादा गेला. दिवस झाल्यावर वहिनीने कपाटातून एक पाकीट काढून दिले. "वन्सं, हे तुमचं. भाऊबीजेला आठ वाजता टीव्हीपुढे ठेवलं होतं. मी हसले त्यांना." आत एकशे एक रुपये होते.

२०१२ साली मालिका संपली आणि दोन दिवसांत वाडा मोडला. सुतारांनी जिना आधी काढला. अजूनही दर दिवाळीला कोणीतरी हौसेने तो भाऊबीजेचा प्रवेश माझ्या मोबाइलवर पाठवते आणि लिहिते, "काय रडलात हो!" मी आभार मानते.

भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. द्वितीयेची कोर पश्चिमेला दिसते न दिसते तोच मावळते, म्हणून मी ताट आधीपासून तयार ठेवते. यंदा मात्र वहिनीने जेवायला बोलावले आहे. भाऊबीजेला दुपारच्या गाडीने डोंबिवलीला जाईन. चंद्राला दोघी मिळून तिच्या गॅलरीतूनच ओवाळू. त्या पहिल्या टेकची गोष्ट तिला सांगायची आहे.