बहरांची साखळी

बंगळूर नगरीत बहराचा ऋतू एकदा येऊन निघून जात नाही. हिवाळा सरता सरता रस्त्यांच्या कडेला गुलाबी तबेबुया फुलतो. त्याच्या पाठोपाठ त्याचाच पिवळा भाऊबंद सोन्याने मढतो. मार्चमध्ये नीलमोहराची जांभळी झालर लागते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात गुलमोहर पेटून उठतो.

ही केवळ निसर्गाची किमया नव्हे. एकाचा बहर ओसरताच दुसऱ्याने फुलावे, अशा क्रमाने मार्गवृक्ष लावण्याच्या कल्पनेचे श्रेय गुस्टाव क्रुम्बीगल या जर्मन उद्यानतज्ज्ञांना दिले जाते. लंडनच्या क्यू उद्यानातून ते १८९३ साली सयाजीराव महाराजांच्या बडोद्यास आले. पुढे १९०८ साली म्हैसूर संस्थानात जाऊन, हैदरअलीच्या काळापासून चालत आलेल्या लालबागेचा कारभार त्यांनी हाती घेतला.

चित्रकाराला आपले चित्र पुरे झालेले पाहता येते. उद्यान रचणाऱ्याला मात्र रोप लावतानाच पन्नास वर्षांनंतरची सावली डोळ्यांपुढे आणावी लागते. ही सावली आज विरळ होत आहे. रस्ते रुंद करताना आणि मेट्रो उभारताना अनेक जुने वृक्ष गेले. जे उरले, त्यांतील कित्येकांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडले. मुळांपर्यंत ना पाणी पोहोचते, ना हवा. तोडलेल्या झाडाच्या जागी रोप लावता येते, सावली लावता येत नाही.

बंगळूरचा बहर अवश्य पाहावा. आणि परतल्यावर आपल्या दारापुढील झाडाच्या बुंध्याभोवती हातभर माती मोकळी आहे ना, हेही पाहावे.