घराची सेवा

नगरच्या आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरांत लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचलं जातं ते घरच्याच माणसाची हकिगत म्हणून. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं पंढरपुरात नातेवाइकांकडे राहिल्या, मग नवऱ्याकडे नगरला आल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या समजुतीनं ख्रिस्ती झाल्या. टिळकांची भजनं आम्ही आजही भक्तीत गातो. त्यांचा मान मोठा आहे आणि तो योग्यच आहे. पण पुस्तकात मला पुन्हा पुन्हा दिसतात ते हातात आलेला पैसा गरजवंताला देऊन मोकळे होणारे टिळक, आणि त्याच संध्याकाळी चूल पेटवायची असलेली त्यांची बायको. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. हाक त्यांना आली होती. झळ सगळ्या घरानं सोसली.

आमचं घर असंच चाललं. पप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री होते. शनिवारी संध्याकाळी ग्रीस निघेपर्यंत हात घासायचे आणि रविवारी उजाडायच्या आत सायकल काढून खेड्यांवरच्या मंडळ्यांत भक्ती चालवायला जायचे. एकेका पाळकाकडे कितीतरी गावं. पाळकसाहेब पोचू शकत नसत तिथं पप्पांसारखी माणसं पोचायची. येताना कधी पिशवीत बाजरी असायची, बहुतेकदा काहीच नसायचं. कुणाच्या पोराची फी, कुणाचं औषध यात त्यांचा खिसा मात्र रिकामा व्हायचा, आणि महिनाअखेर तो आईच्या पगारातून भरला जायचा.

आई दवाखान्यात सिस्टर होती. तिच्या ड्यूटीला रविवार ठाऊक नव्हता. दिवाळीत ती आपण होऊन ड्यूटी मागून घ्यायची, म्हणजे बरोबरीच्या सिस्टरांना घरी लक्ष्मीपूजन करता यायचं. नाताळात त्या तिची रात्रपाळी उचलायच्या. धर्माधर्मातल्या सलोख्यावरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. मला सलोखा कळला तो त्या ड्यूटीच्या तक्त्यावरून.

प्रभुभोजनाचा द्राक्षरस आमच्याकडेच व्हायचा. शनिवारी सकाळी आई काळ्या मनुका धुऊन भिजत घालायची. रात्री त्या मंद आचेवर उकळून, निवल्या की कुस्करून, मलमलच्या फडक्यातून पिळायची. दमलेल्या मनगटांनी पीळ देताना तिची बोटं जांभळी होत आणि तो रंग दोन दिवस नखांच्या कडांना राही. मी चव बघायला वाटी पुढं केली की म्हणायची, "आधी प्रभूच्या मेजावर जाऊ दे रे." भक्ती संपल्यावर ते इवलेसे काचेचे पेले घरी यायचे. गरम पाण्यात धुऊन, पांढऱ्या कापडावर पालथे घालून, तडकलेला एखादा बाजूला काढून ती पेटी भरून ठेवायची. आणि कित्येकदा असं व्हायचं की रस तिच्या हातचा, पण मेजापाशी तीच नाही, ती वॉर्डात.

कुणीतरी तिला एकदा ऐकवलं होतं, "देवाच्या घरी तुमची हजेरी फार कमी." तो शब्द मला अजून सलतो. पप्पा मंडळीच्या कमिटीवर पंच होते; त्या कामातून निवृत्त झाले तेव्हा मंडळीनं त्यांना शाल दिली, चार चांगले शब्द बोलले. आई तेव्हा मागच्या खोलीत चहाचे कप भरत होती. तिचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही.

तिला स्वतःला याचं काही वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. रुग्णाची कूस बदलणं आणि प्रभूच्या मेजाचा रस गाळणं ही तिच्या लेखी एकाच धन्याची चाकरी होती. माझं म्हणणं तिच्याबद्दल नाहीच. ते मंडळीबद्दल आहे.

मला पंच म्हणून निवडलं तेव्हा मी होकाराआधी वेळ मागितला आणि घरी सगळ्यांना घेऊन बसलो. कुठली संध्याकाळ मंडळीला द्यायची, मुलींच्या परीक्षेत काय करायचं, हे बायकोनं स्पष्ट सांगितलं. ते ऐकूनच मी हो म्हटलं. पुढं वार्षिक सभेत मी मांडलं की अहवालात कमिटीच्या नावांबरोबर आईसारख्या मागं राहून राबणाऱ्या हातांचीही नावं छापावीत. एका वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली: उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण. शिकवण मला मान्य आहे. पण ती देणाऱ्यानं स्वतःची दवंडी पिटू नये म्हणून आहे. घेणाऱ्यानं आभार मानू नयेत असं प्रभूनं कुठं सांगितलं? टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ते छापलं गेलं म्हणून निदान आपल्याला कळलं तरी.

ठराव त्या वर्षी बारगळला. येत्या सभेत मी तो पुन्हा मांडणार आहे, आणि या खेपेला यादी घेऊनच जाणार आहे: रस कोण करतं, पेले कोण धुतं, खेड्यावरून तपासणीला आलेल्या आजाऱ्याला रात्री कोण ठेवून घेतं. पाळकसाहेबांच्या दारी आल्यागेल्याला वेळीअवेळी जेवू घालणाऱ्या पाळकीणबाईंचं नाव मी सगळ्यांत वर लिहिलं आहे.