पोर्टल सर्वांसाठी खुले आहे म्हणे!

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी आपल्या माणसांना त्या पाण्यापर्यंत पोचायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, तोही बाबासाहेब पुढे चालले म्हणून. खटला तर १९३७ पर्यंत चालला. आम्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण सारखे आठवते, कारण 'सर्वांसाठी खुले' हे शब्द आज आम्हाला सरकारी पोर्टलबद्दल ऐकवले जातात.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घ्या. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. आम्ही पाच-सहा जण वसतिगृहातल्या आणि वस्तीतल्या मुलांना तो भरून देतो. आधारला जोडलेला नंबर बापाचा, बाप ऊसतोडीला गेलेला. फोन लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. गुणपत्रिकेवर नाव एक, आधारवर दुसरे. खाते आधारशी जोडलेले नाही म्हणून मंजूर पैसेही अडकलेले. दाखला स्कॅन करायला तालुक्याला जायचे, म्हणजे एस.टी.चे भाडे गेले आणि आईचा रोजही बुडाला. 'मोबाइल तर आता सगळ्यांकडे असतो' म्हणणाऱ्यांनी एका मोबाइलवर तीन भावंडांचे शिक्षण कसे चालते ते एकदा येऊन पाहावे.

यावर आपल्यातलेच काही कार्यकर्ते संगणक साक्षरतेची शिबिरे सुचवतात. शिबिरे जरूर घ्या, आम्हीही घेतो. पण त्यातून असा अर्थ निघतो की दोष आपल्या पोरांच्या अडाणीपणाचा आहे. हे आम्हाला मान्य नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हक्क म्हटला की जबाबदारी सरकारवर येते.

आणि मार्ग नवा शोधायचीही गरज नाही. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ६ वाचा. अर्ज कागदावर द्या किंवा ऑनलाइन, दोन्ही चालते. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तो लिहून घ्यायला मदत करणे हे अधिकाऱ्याचे काम आहे. माहितीसाठी जे जमते ते शिष्यवृत्तीसाठी का जमू नये? कागदी अर्ज स्वीकारा, आणि अर्ज परत पाठवलात तर मराठीत लेखी कारण द्या, एवढीच आमची मागणी आहे.

या कामात आमच्या इंटर्नशिपा हुकतात, घरचे रागावतात. पण एक वही भरत आली आहे. कोणाचा अर्ज कधी अडला, कशामुळे अडला, किती खर्च झाला, सगळे तारखेनिशी लिहिले आहे. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना निवेदन याच वहीवरून देणार आहोत, आणि दाद लागली नाही तर याचिकाही. न्यायालयात 'सर्व्हर डाउन होता' म्हणून भागत नाही. म्हणून मित्रांनो, पडद्यावर चूक दिसली की वैतागून फोन ठेवू नका, आधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा.

जय भीम!