अंगचोर

एप्रिल २०२२ मधल्या एका शुक्रवारी दुपारी मी शिरूर अनंतपाळला घरी पोहोचलो, तेव्हा दादा अंगणात एका चाकाशेजारी उकिडवा बसला होता. चाक दगडांवर आडवे ठेवलेले, शेजारी हातोडी आणि पाण्याची बादली. रविवारी शेजारच्या तालुक्यातल्या एका यात्रेत पट होता, आणि कित्येक वर्षे गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिलेला छकडा दोन दिवसांत पळण्याजोगा करायचा होता. दादाने मान वर न करताच विचारले, "काय बगू लालास? धर की." मी बॅग ओट्यावर टाकली आणि चाक धरले.

हे बोलावणे माझ्यासाठी अनपेक्षित होते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जलिकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही बंद केल्या, त्या वर्षी मी आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात त्या निकालाच्या बाजूने एक टिपण लिहिले होते. मुक्या जनावराची वेदना हा आपल्या करमणुकीचा विषय असू नये, असा त्याचा आशय. टिपण बरे उतरले होते, सहकाऱ्यांनी कौतुकही केले. गावातल्या एका विद्यार्थ्याने ते दादाला वाचून दाखवले. दादा माझ्याशी भांडला नाही. यात्रेला ये, असे सांगणे मात्र त्याने बंद केले. पुढे महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या थांबवल्या, आणि १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून शर्यतींना मुभा दिली. (घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली ती नंतर, १८ मे २०२३ रोजी.) मधल्या साडेसात वर्षांना दादा 'साडेसाती' म्हणतो. त्यात शनीइतकाच माझाही वाटा असावा, अशी मला शंका आहे.

'शर्यत' हा शब्द आमच्या घरात पाहुण्यासारखा येतो. आम्ही 'पट' म्हणतो, विदर्भात 'शंकरपट' म्हणतात. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेडकडे 'घाट' असतो. तिथे बैलांच्या पुढे घोडी धावते आणि गाड्यावर कुणी बसत नाही. आमच्याकडे दोन बैल, एक हलका छकडा आणि वर एक माणूस. शेजारच्या देवणीच्या नावाने ओळखली जाणारी गोवंशाची जात आमच्या भागाची खरी मिरवण. पांढरे अंग आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या तो वानेरा, अंगभर काळे ठिपके तो शेवेरा, खालच्या अंगाला तुरळक ठिपके तो बालंक्या. ही जनावरे मुळात नांगराची आणि दुधाची; पळण्यात माणदेशी खिलाराची बरोबरी त्यांना जमत नाही. तरी बापू वानेऱ्यांची जोडी घेऊनच पटाला जात. घरचेच बैल पळवायचे, हा त्यांचा हट्ट.

चाकाकडे वळतो. बारा आरे, सहा पुठ्ठे, मधोमध तुंबा आणि या सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. एका पुठ्ठ्यात दोन आरे बसतात. बाभळीचे लाकूड कितीही मुरलेले असले तरी साडेसात उन्हाळ्यांत आटते आणि धाव सैल होते. हे डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळते. घट्ट धावेवर हातोडी मारली की टणत्कार उठतो, सैल धाव मडक्यासारखी बोदी वाजते. आमचे एक चाक वाजत होते, दुसरे बोदे. चाक रात्रभर पाण्यात बुडवून ठेवले तर लाकूड फुगते आणि धाव आवळल्यासारखी वाटते. पण चैत्राच्या उन्हात ते दोन दिवसांत पुन्हा आटते, आणि भर वेगात धाव निसटली तर छकडा, माणूस आणि बैल यांपैकी कुणाचे काय होईल ते सांगता येत नाही. सुतारमामांनी चाक वाजवून एवढेच म्हटले, "धाव उतरवा."

म्हणून संध्याकाळी धाव उतरवली. तिचा बोटभर तुकडा कापून टोके पुन्हा जोडायची होती. ते काम वेल्डिंगवाल्याने दहा मिनिटांत केले. बापूंच्या वेळी त्याला लोहाराची अर्धी सकाळ लागे. मग अंगणात गोवऱ्यांचे कडे रचले, धाव त्यात ठेवली आणि पेटवले. धाव आता चाकापेक्षा लहान होती. अकरा फुटांची ती पट्टी लाल होण्याच्या बेताला आली की सुमारे पाऊण इंचाने वाढते, आणि तेवढ्या पाऊण इंचात, तेवढ्याच काही क्षणांत ती चाकावर चढवावी लागते. उशीर झाला तर ती अडते, जास्त रेंगाळली तर लाकूड जाळते. तिघांनी तीन सांडशींनी ती उचलली. चाकाच्या कडेने धूर निघाला, पुठ्ठे जळल्याचा कडवट वास आला, सुतारमामा घण मारत गोल फिरू लागले. माझी सांडशी घसरली. दादा ओरडला, "जोर लाव की, अंगचोरा!"

पाणी ओतले, वाफ उठली. धाव आवळत गेली तसे सांधे करकरत जवळ आले. हा आवाज मी वर्गात कधी सांगू शकलेलो नाही. मी मात्र त्या वेळी ते ऐकत नव्हतो. अंगचोर हा शब्द दादा मला लहानपणी वापरत असे. पण तो मूळचा माझा नव्हता. घरात तो शब्द एका बैलाचा होता.

शनिवारी जू काढले. दादाचे पटाचे जू भुंग्याने पोखरले होते, म्हणून त्याने गोठ्यातल्या खुंटीवरचे बापूंचे जुने जू उतरवले. वजनाला हलके, हाताळून गुळगुळीत झालेले. पटाच्या छकड्यातून काढता येईल ते सगळे काढायचे असते. साटीच्या फळ्यासुद्धा दादाने उतरवल्या होत्या. मोटारींच्या शर्यतीतही मागची आसने उचकटून टाकतात म्हणे, तसेच. माझ्याकडे टेप देऊन तो म्हणाला, दांडी कुठे बांधायची त्याची खूण कर. मी मधल्या खाचेपासून दोन्हीकडे बैलाची मान येते तिथपर्यंत मापले. उजवीकडे २५.५ इंच, डावीकडे २२.५. टेप धरण्यात चूक झाली असेल म्हणून पुन्हा मापले. तेच.

डावीकडे टोकाजवळ एक जुने भोक लाकडाची गुल्ली ठोकून बुजवलेले होते. त्याच्यापासून चिरत गेलेली एक फट, तिच्यावर लोखंडी पट्टी, आणि तीन इंच आत शिवळेचे दुसरे भोक.

ते भोक पाडताना कंदील मी धरला होता.

१९८९ साल असावे. मी अकरा वर्षांचा होतो. पटाच्या आदल्या रात्री जू टोकाशी चिरल्याचे बापूंच्या लक्षात आले. सुतार लग्नाला गेलेला. बापूंनी स्वतःच पट्टी ठोकली, गिरमिट घेतले आणि चिरेपासून दूर, धड लाकडात नवे भोक पाडले. वीज गेलेली होती. मी पेंगत होतो, कंदील हलला की बापू खेकसत. सकाळी जू बैलांच्या मानेवर चढले. दुरुस्ती झाली, एवढेच सगळ्यांना ठाऊक होते.

काट्याच्या दांडीचा हिशेब शाळेत सगळेच शिकतात. मधल्या बंधापासून ज्याची बाजू आखूड, त्याच्यावर ओढ जास्त. साडेबावीस आणि साडेपंचवीस म्हणजे शंभरातले त्रेपन्न भाग डाव्या बैलावर आणि सत्तेचाळीस उजव्यावर. फरक किरकोळ वाटतो. पण तो प्रत्येक पावलाला असतो, आणि आमच्या घरी तेच जू त्या हंगामभर शेतातल्या गाडीलाही लागत होते. सुतारांना हे गणित हाताने येते. एक बैल लहान किंवा अशक्त असेल तर त्याला मुद्दाम लांब बाजू देतात. आमच्याकडे उलटे झाले, तेही नकळत, आणि दोन्ही बैल तुल्यबळ असताना.

डावीकडे वाघ्या होता. त्या हंगामात तो मागे पडू लागला. त्याचा खांदा सुजला, मग फुटला. हळद-तेल लावले, चार दिवस सुटी दिली, पुन्हा जुंपला, पुन्हा मागे. शेजारचा सर्ज्या तर व्यवस्थित ओढतो आहे; मग खोट वाघ्यातच, असा निष्कर्ष निघाला. अंगचोर आहे, असे बापू म्हणाले, मग दादा म्हणाला, मग आम्ही पोरे त्याच्या मागे ओरडत जाऊ लागलो. आणि त्याला तुतारी बसू लागली. आमच्याकडे तुतारी म्हणजे टोकाला खिळा बसवलेली, बैलाला टोचायची काठी. केशवसुतांची कविता शिकवताना गावाकडची मुले पहिल्या तासाला गालात हसतात ती यामुळे. मीही हसलो होतो. पुढच्या पावसाळ्याआधी बापूंनी वाघ्याला हाळी-हंडरगुळीच्या बाजारात नेले. कुणी घेतला, ते सांगितले नाही.

मी हे सगळे दादाला एका दमात सांगितले नाही. मापे सांगितली. तो जुवाजवळ आला, गुल्लीवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पुन्हा माप." मी तिसऱ्यांदा मापले. त्याने टेप माझ्या हातातून घेऊन स्वतः मापले.

आई ओसरीवर ज्वारी निवडत होती. तिच्या कानावर सगळे गेले असावे. ती म्हणाली, "वाघ्या गेल्यावर तुमचे बापू पटाला गेले न्हाईत. ते कामून, इचारलासा का कधी?" आम्ही विचारले नव्हते. पैसे पुरत नसतील, असे आम्ही धरून चाललो होतो. जू त्यांनी त्याच साली खुंटीला टांगले आणि सर्ज्यासाठी नवा जोडीदार आणला तेव्हा जूही नवे केले, हे आता आठवून जुळते. त्यांना ते केव्हा कळले, कसे कळले, हे विचारायला बापू नाहीत. २००९ मध्ये ते गेले. जुने जू मोडून चुलीत का घातले नाही, तेही आईला सांगता आले नाही.

सुतारमामांनी रात्री नऊपर्यंत बसून नवे जू केले. दादाने टेप माझ्याकडेच ठेवला होता.

रविवारी मी मैदानावर गेलो. चाबूक, काठी, टोचणी यांना नियमांनी मनाई आहे, पशुवैद्यकाची तपासणी होते, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अंतर एक हजार मीटरच्या आत. काठ्या खरोखरच दिसल्या नाहीत. शेपट्या पिळणारे हात मात्र दिसले, आणि त्यासाठी फार शोधावे लागले नाही. भित्तिपत्रकातले टिपण मी आजही मागे घेतलेले नाही. फक्त त्यात जुवाविषयी एक अक्षर नव्हते, हे आता खटकते. वेदना म्हणजे चाबूक, एवढेच मला तेव्हा सुचले होते. सुटण्याआधी दादाने मला गर्दीतून हाक मारून बोलावले आणि बैल जुंपलेले असतानाच पुन्हा मापायला लावले. लोक हसले. दोन्हीकडे चोवीस इंच. आमची जोडी पहिल्याच फेरीत बाद झाली. परतताना टेंपोत दादाने दोन्ही बैलांच्या खांद्यांवर हात फिरवून पाहिला, आधी डाव्याच्या, मग उजव्याच्या.

जुने जू पुन्हा त्याच खुंटीवर आहे. दिवाळीत गेलो तेव्हा पाहिले, दादाने त्याच्यावर खडूने दोन्ही आकडे लिहून ठेवले आहेत.