शंभर माणसांचे बटाटे

यूटात कुणाकडे मयत झालं की दफनाच्या दिवशी बटाटे लागतात. पुष्कळ लागतात. किसलेले बटाटे, सावर क्रीम, चेडर चीज, लोणी आणि डब्यातलं घट्ट सूप एकत्र कालवायचं, वर लोण्यात घोळलेले कॉर्नफ्लेक्स पसरायचे आणि ओव्हनमध्ये भाजायचं. याला इथे सगळे ‘फ्यूनरल पोटॅटोज’ म्हणतात, आणि म्हणताना कुणाचा आवाज खाली येत नाही. ईस्टरच्या जेवणात, लग्नाच्या आदल्या रात्री, नाताळात हाच पदार्थ याच नावाने वाढला जातो. 2002 साली सॉल्ट लेक सिटीत हिवाळी ऑलिंपिक भरलं, तेव्हा लोक जमवत असलेल्या बिल्ल्यांमध्ये या बटाट्यांचाही एक बिल्ला होता.

समोरच्या घरातल्या आजी गेल्या, त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या बायकांच्या फोनवर निरोप फिरला. हॅम कोण आणणार, पाव कोण, सॅलड कोण, बटाटे कोण. मी त्यांच्या चर्चची नाही. पण आजींनी मी इथे नवी असताना पहिल्या बर्फात माझा उंबरा झाडून दिला होता, आणि त्यांच्या अंगणातल्या जर्दाळूंचा वाटा दर उन्हाळ्यात आमच्याकडे यायचा. मी बटाट्यांसमोर माझं नाव घातलं. चार ट्रे.

एका ट्रेचं माप इथल्या बायकांना तोंडपाठ असतं. 9 बाय 13 इंच. त्यात हॅश ब्राउनची 30 औंसांची, म्हणजे साधारण 850 ग्रॅमची, गोठवलेली पिशवी. सूपचा एक डबा, दोन कप सावर क्रीम, दोन कप किसलेलं चेडर, अर्धा कप लोणी, बारीक चिरलेला कांदा. वरच्या थराला दोन कप कॉर्नफ्लेक्स आणि थोडं आणखी लोणी. मीठ जपून, कारण सूप आणि चीज दोन्ही आधीच खारट. एवढ्यात दहा-बारा जण जेवतात. शंभर माणसं यायची असली की नऊ-दहा ट्रे धरायचे, आणि ते नऊ-दहा ट्रे तीन-चार घरांतून यायचे.

या डब्या-पिशव्यांच्या स्वयंपाकाकडे नाक मुरडणारे लोक मला भेटले आहेत. ताजे बटाटे का नाही, सूप घरी का नाही, असं ते विचारतात. त्यांनी शंभर माणसांसाठी आदल्या रात्री तयारी करून पाहावी. कच्चा बटाटा किसून ठेवला तर सकाळपर्यंत काळा पडतो. कारखान्यात गोठवण्याआधी बटाट्याला वाफ किंवा उकळतं पाणी दाखवलेलं असतं, त्यामुळे तो रंग बदलत नाही आणि अर्धा शिजलेलाही असतो. पिशव्या फ्रिजमध्ये ठेवून सुटू द्यायच्या, निथळलेलं पाणी टाकून द्यायचं, नाहीतर ट्रेच्या तळाशी पाणी साचतं. सूपचंही तसंच. सावर क्रीम नुसतं तापवलं तर फाटतं. कढी फाटू नये म्हणून आपण ताकाला बेसन लावतो, तेच काम या सूपमधलं पीठ करतं. म्हणून तासभर भट्टीत राहूनही सगळं मऊ, एकजीव राहतं. चीज मात्र मी पाकिटातलं किसलेलं घेत नाही. ते एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला भुकटी लावलेली असते आणि वितळताना ते चरबरीत होतं. वडी आणून हाताने किसावी.

त्या रात्री ओट्यावर चार ट्रे मांडून मी कालवत बसले. सूप नेहमी चिकनचं असतं. मी शाकाहारी, म्हणून माझ्या चारही ट्रेमध्ये मशरूमचं घातलं आणि तसं निरोपात कळवलं. उत्तर आलं, ‘फार बरं झालं, त्यांची धाकटी नात मांस खात नाही.’ ती मुलगी कॅलिफोर्नियातून येणार होती. तिच्या पानात काय पडेल याची काळजी माझ्याआधी कुणीतरी केलेली होती.

ही काळजी करायची रीत जुनी आहे. लॅटर-डे सेंट्स, ज्यांना बाहेरचं जग मॉर्मन म्हणतं, त्यांच्यातल्या बायकांची रिलीफ सोसायटी 17 मार्च 1842 रोजी इलिनॉयमधल्या नॉवू गावात सुरू झाली. एमा स्मिथ तिच्या पहिल्या अध्यक्ष. मूळ विचार एवढाच, की मंदिर बांधणाऱ्या मजुरांना सदरे शिवून द्यावेत. पुढे त्या मंडळींना तिथून हाकललं गेलं आणि ती पश्चिमेकडे चालत निघाली. जुलै 1847 मध्ये पहिली तुकडी सॉल्ट लेकच्या या खोऱ्यात उतरली. जमीन इतकी कडक, की ओढ्याला बांध घालून ती आधी भिजवावी लागली. त्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच त्यांनी बटाटे लावले. अजून घरं नव्हती, छप्पर नव्हतं. 1876 पासून सोसायटीच्या बायकांनी दुष्काळासाठी गहू साठवायला सुरुवात केली. आजही इथल्या घरांच्या तळघरात अडीअडचणीसाठी डबे रचून ठेवलेले असतात, आणि शेजारचं आयडाहो तर बटाट्याचंच राज्य. कुणाच्या मरणाची बातमी रात्री अकराला आली तरी या पदार्थाचं सामान बहुतेक घरात असतंच.

मला हे सगळं परकं वाटलं नाही, कारण सांगलीच्या गावभागात मी वाड्यात वाढले. वाड्यात कुणी गेलं की त्या बिऱ्हाडात चूल पेटत नसे. पुरुषमंडळी स्मशानातून यायच्या आत बाकीच्या बिऱ्हाडांतून पातेली निघत. पिठलं आणि भात. फोडणी नाही, तळण नाही, गोड तर नाहीच. नंतर सोयऱ्यांकडून कडू घास येई. माझी आई एरवी स्वयंपाकात तिखटमिठाची पारख असलेली बाई, पण त्या दिवशी ती पिठल्यात मुद्दाम काही विशेष करत नसे. मी एकदा कोथिंबीर चिरायला घेतली तर तिने हातातून सुरी काढून घेतली. ‘आज त्यांना चव घ्यायची नाहीये, पोटात ढकलायचंय,’ असं म्हणाली.

यूटातल्या बटाट्यांचं मला तेच फार आवडतं. प्रत्येकीचे ट्रे जवळपास सारखेच लागतात. कुणी कांद्याऐवजी कांद्याची पूड घालते, कुणी कॉर्नफ्लेक्सच्या जागी क्रॅकर्स चुरते, तेवढाच फरक. ‘हे कुणी केलं?’ असं कुणी विचारत नाही. रडून थकलेल्या माणसाला कुणाचं कौतुक करायची पाळी येऊ नये. त्याला चावावंही फारसं लागू नये. म्हाताऱ्याला चालावं, चार वर्षांच्या पोराला चालावं, काट्याने उचलून उभ्या उभ्या खाता यावं. चमचमीत पदार्थ माणसाकडून काहीतरी मागतो. हा काही मागत नाही.

सकाळी ओव्हन 350 फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण 175 सेल्सियसवर, लावला. फ्रिजमधून काढलेल्या गार ट्रेला तासभर सहज लागतो. कडेने बुडबुडे यायला लागले आणि मध्ये सुरी घातल्यावर ती गरम बाहेर आली की झालं. कॉर्नफ्लेक्स रात्रीच घातले तर दमट होतात, म्हणून ते शेवटी. ट्रे अॅल्युमिनियमचे, टाकून द्यायचे. घरच्या काचेच्या भांड्यांना इथे बुडाशी नावाची पट्टी चिकटवतात, पण अशा दिवशी भांडी कुणाची, परत कधी करायची, हा हिशेब त्या घराच्या डोक्याला नको. टॉवेलात गुंडाळून ट्रे बर्फाच्या पेटीत ठेवले. ती पेटी गरम वस्तूही तितक्याच निष्ठेने गरम ठेवते.

जेवण चर्चच्या मोठ्या हॉलमध्ये होतं. दोन्ही टोकांना बास्केटबॉलच्या जाळ्या, खाली पांढरे कागद अंथरलेली लांब टेबलं. दफनाहून गाड्या यायला लागल्या तसा हॉल भरला. आधी घरचे, मग बाकीचे. आजोबा काठी टेकत रांगेत आले. त्यांना बसवून ताट नेऊन द्यायला तिघी पुढे झाल्या, पण ते रांगेतच राहिले. माझ्या ट्रेपाशी थांबून त्यांनी मोठा डाव भरून घेतला, कडेचा कुरकुरीत भाग हेरून. मग बसून त्यांनी सगळं संपवलं आणि नातीला पुन्हा आणायला पाठवलं. घरचे एकमेकांकडे बघत होते. चार दिवस ते टोस्टवर होते, असं त्यांची लेक मला भांडी आवरताना म्हणाली.

कॅलिफोर्नियाच्या नातीने मशरूमचा ट्रे स्वतःसमोर ओढून घेतला होता. तिला आजीची आठवण सांगायची होती, आणि मला तिची सगळ्यात मोठी आठवण जर्दाळूंचीच असेल असं वाटलं. पण नाही. आजी तिला हेच बटाटे करायला शिकवायची, कॉर्नफ्लेक्स पिशवीत घालून लाटण्याने चुरायचं काम तिच्याकडे असायचं आणि ती चुरताना निम्मे खाऊन टाकायची. सांगता सांगता ती हसली, मग रडली, मग पुन्हा खायला लागली.

दुपारी तीनपर्यंत टेबलं मिटली. उरलेले बटाटे छोट्या डब्यांत भरून आजोबांच्या फ्रीजरसाठी दिले, वर तारीख लिहून. ओट्यापाशी एक जण वही उघडून उभी होती. कोपऱ्यावरच्या घरात त्या आठवड्यात जुळी मुलं झाली होती आणि बाळंतीण दुसऱ्या दिवशी घरी येणार होती. पंधरा दिवस रात्रीचं जेवण कुणी कुणी द्यायचं, ते ठरत होतं. गुरुवारचा रकाना रिकामा होता. मी म्हटलं, ‘एक ट्रे माझा. मशरूमचं सूप चालतं ना त्यांना?’