शेवटची फटफटी

आपल्याकडे पुष्कळ घरी, गोठ्याच्या एखाद्या कोपऱ्यात, कडब्याच्या पेंढ्यांआड एक जुनी मोटारसायकल उभी असते. तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालते, हँडलावर पोती वाळत पडतात, आणि कोणी ती भंगारात घालण्याची गोष्ट काढली की घरातील वडीलधारे माणूस एवढेच म्हणते, "राहू दे. तिला काय खायला घालावं लागतंय?" आमच्याही घरी अशीच एक होती. तिच्यावरून आम्ही केलेल्या एका दिवसाच्या सहलीची हकिगत आज वाचकांस सांगावयाची आहे. धर्मगुरूने फटफटीवरून डोंगर हिंडावेत हे काही वाचकांस रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहोत. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे आणि मग हवे तर रागवावे.

आमची गाडी १९६९ सालची जावा. हे नाव मूळचे चेकोस्लोव्हाकियातले. यानेचेक नावाचा कारखानदार आणि वाँडरर ही कंपनी, या दोहोंच्या नावांची पहिली अक्षरे जोडून ते १९२९ साली तयार झाले. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून या गाड्या १९६१ पासून बाहेर पडू लागल्या. पुढे १९७३ पासून त्या 'येझदी' या नावाने निघाल्या आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा आले. परंतु त्या गाड्यांचे इंजिन निराळ्या जातीचे आहे. जुन्या जावाचा धूर, तिचा तो मोकळा 'फट् फट्' आवाज आणि तिच्या खोडी ह्या तिच्याच.

आमचे वडील खानापूर तालुक्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. ही गाडी त्यांनी दुसऱ्याकडून जुनीच विकत घेतली. शाळा, बाजार, दवाखाना, चर्च, सोयरीक, सारे तिच्यावरूनच होई. आम्ही पेट्रोलच्या टाकीवर बसत असू. मागे आई आणि आईच्या मांडीवर धाकटी बहीण. रस्ता उताराला लागला की वडील एक गंमत करीत. गाडी आपल्या वजनाने खाली चालली असता ते मधूनच उजव्या हाताची मूठ किंचित पिळीत. इंजिन 'फर्र' करी आणि पुन्हा शांत होई. थोडे अंतर गेले की पुन्हा 'फर्र'. आम्ही दोघे भावंडे खदखदून हसत असू. वडील आम्हांस हसविण्यासाठीच असे करतात, अशी आमची समजूत होती. ती समजूत चाळिशी ओलांडेपर्यंत टिकली.

पुढे आम्ही सेमिनरीत गेलो. वडील निवृत्त झाले, अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली, आणि गाडी गोठ्यात गेली. दर सुट्टीत आम्ही त्यांस म्हणत असू, "बाबा, पुढच्या खेपेस गाडी दुरुस्त करून घेतो आणि तुम्हांला मागे बसवून फिरवून आणतो." ते डाव्या हाताने 'बरे' अशी खूण करीत. पुढच्या खेपेस काही ना काही काम निघे. अशा कित्येक खेपा गेल्या. एके वर्षी आम्ही गेलो ते त्यांच्या दफनविधीसाठीच. गाडी होती तिथेच होती.

दोन वर्षांनी बेळगावजवळच्या धर्मग्रामात आमची नेमणूक झाली, तेव्हा आम्ही ती टेम्पोत घालून एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. वय सत्तरीच्या पुढे. सारे त्यांना मिस्त्रीकाका म्हणतात. त्यांनी पोते बाजूला केले, टाकीवरून हात फिरविला आणि म्हणाले, "ही गुरुजींची न्हवं?" तीन महिन्यांनी गाडी चालू झाली. नोंदणीची मुदत केव्हाच संपली होती. तीही रीतसर वाढवून घेतली. वाचकांपैकी कोणाच्या घरी पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राहिलेली गाडी असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होऊ शकते. मात्र अशी गाडी मग रोजच्या कामास वापरता येत नाही. आम्ही साधीच नोंदणी ठेवली.

मग आमचे शिक्षण सुरू झाले. या जावात किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवावा, म्हणजे किक; खाली आणावा, म्हणजे गिअर. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते, लिटरला सुमारे ४० मिलिलिटर. प्लगवर काजळी धरली की गाडी रुसते. हे सारे आम्ही शिकलो आणि दोन लहान सहली करून आलो. तेवढ्यानेच आम्हांस आपण जुने जाणते झालो असे वाटू लागले.

जावा-येझदीवाले जुलैच्या दुसऱ्या रविवारी गावोगावी एकत्र जमतात. परंतु रविवारी आमची सुटका नाही. त्यामुळे नोव्हेंबरातील एका शनिवारची सहल ठरली, तेव्हा आम्ही फार हर्षित झालो. बेत असा: सकाळी बेळगावहून निघावे, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून पायथ्याच्या केरी गावी जावे आणि तिथूनच माघारी फिरावे. संध्याकाळच्या मिस्सेला आम्ही परत असणार होतो.

पेट्रोलपंपावर चौदा गाड्या जमल्या. जावा, येझदी, बुलेट आणि दुधाच्या कॅनांचे चरे अंगावर मिरविणारी एक राजदूत. माणसे म्हणाल तर वीस वर्षांच्या पोरापासून मिस्त्रीकाकांपर्यंत. त्या पोराने आजोबांची बुलेट आणली होती. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. आजच्या गाड्यांच्या अगदी उलट. बिचारा थांबावयास जाई आणि गिअर बदलून बसे. एका पोक्त गृहस्थांनी त्याला आधी मोकळ्या जागेत वीस फेऱ्या मारावयास लावल्या. किक मारण्यापूर्वी डिकॉम्प्रेसरचा लहान दांडा ओढून, अँपिअरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबावयाची, हेही दाखविले. अन्यथा किक उलटून पोटरीवर बसते. एक तरुण शिक्षिका काकांची येझदी घेऊन आली होती; तिची ही पहिलीच सहल.

या सहलीचे नियम थोडे परंतु पक्के. वेग ताशी पन्नासच्या आत. पुढे एक वाटाड्या, त्याच्या पाठोपाठ सर्वांत नवखा, आणि जाणते सारे मागे. वळण आले की मागच्याचा दिवा दिसेपर्यंत पुढच्याने थांबावे. घाटात चढत्या वाहनास वाट द्यावी. कोणाची गाडी बंद पडली तर अरुंद घाटात साऱ्यांनी गर्दी करू नये; पुढे जाऊन रुंद जागी थांबावे. बंद पडलेल्यापाशी थांबतो तो फक्त सर्वांत शेवटचा. त्याच्याजवळ पाने, जादा प्लग, क्लचची तार आणि तेल असते. शेवटची गाडी मिस्त्रीकाकांची. निघण्यापूर्वी ते नवख्यांना गोळा करून घाटाविषयी काही सांगत होते. आम्ही नवखे थोडेच होतो? आम्ही चहा पीत होतो.

कणकुंबीला नाश्त्यास थांबलो. मलप्रभा नदी इथेच उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेला मिळावयास जाते. त्या थंड हवेत आम्ही त्या शिक्षिकेस प्लग कसा साफ करावा यावर एक छोटेखानी प्रवचनच दिले. तिने ते नम्रपणे ऐकून घेतले.

चोर्ला मागे पडला आणि उतार सुरू झाला. खाली अंजुण्याच्या धरणाचे पाणी चमकत होते. आम्हांस सावकाश जाण्याचा कंटाळा आला. नियम मोडून आम्ही दोघा-तिघांना मागे टाकले, मूठ पूर्ण बंद केली आणि उतार गाडीला नेईल तसे जाऊ लागलो. एक लांब उतार, दुसरा, तिसरा. आणि एकाएकी मागचे चाक कोणीतरी मुठीत धरावे तसे जागच्या जागी थांबले! गाडी फरफटत कठड्याकडे ओढली गेली. क्लच दाबावयाचे भान आम्हांस उरले नाही. समोरून एक लॉरी वर चढत होती. कठड्याच्या दीड हात अलीकडे, गटारातील मातीत गाडी आडवी झाली. कोपर सोलटले, इतकेच. लॉरीवाल्याने आमच्याकडे पाहून छातीवर क्रूस काढला. तो आमच्यासाठी की स्वतःसाठी, हे कळले नाही.

आम्ही कठड्यावर बसून राहिलो. पाय थरथरत होते. एकेक गाडी वळणावरून उतरू लागली. नियमाप्रमाणे कोणी थांबले नाही. हाताने खूण करून, आम्ही धड आहोत असे पाहून पुढे जात होते. आणि त्या गाड्यांचा आवाज आमच्या कानी आला. थोडे अंतर शांत, मग 'फर्र'. पुन्हा शांत, पुन्हा 'फर्र'. राजदूत तशीच गेली. येझदीवरची ती शिक्षिकाही तशीच गेली. तो आवाज ऐकून आम्हांस टाकीवर बसल्याचा भास झाला. याहून अधिक उमजले नाही.

सर्वांच्या शेवटी मिस्त्रीकाका आले. त्यांनी गाडी उभी केली, इंजिनाला हात लावून पाहिला आणि विचारले, "उतारावर रेस पुरी बंद धरलासा काय ओ, फादर?"

आम्ही होय म्हटले.

"मग जाम हुईल न्हाईतर काय! हिला वंगण वेगळं कुठलं? पेट्रोलातनं तेल येतंय तेवढंच. रेस बंद, पेट्रोल बंद; पेट्रोल बंद, तेल बंद. चाक तर आतल्या पिस्टनला पळवतंयच. कोरडा पळून पळून तो तापतोय, फुगतोय नि धरतोय. म्हणून मधनं मधनं जरा रेस द्यायची. सकाळी सांगितलो की हो मी."

आम्ही खाली पाहिले. ते प्लग काढीत पुढे म्हणाले, "गुरुजींची गाडी मीच बघत हुतो. घाटात कुठं हाईत ते लांबनं कळायचं. फर्र, फर्र, फर्र. कधी चुकायचे न्हाईत. बायकापोरं असायची की हो गाडीवर."

वाचकहो, आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. प्रत्येक कार्यास कारण असते, यावर उत्तरपत्रिका लिहिल्या. परंतु वडिलांच्या हाताच्या त्या लहानशा पिळाचे कारण त्यांस विचारावे, हे आम्हांस कधी सुचले नाही. आम्ही हसत होतो, आणि ते दर वीस-तीस वावांवर आम्हां चौघांचा जीव राखीत होते. आम्हांस त्यांनी ते कधी सांगितले नाही. पोरे हसतात तर हसू देत, असे त्यांस वाटले असेल.

मिस्त्रीकाकांनी प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडले. अर्धा-पाऊण तास इंजिन निवू दिले. मग किक हाताने हळूहळू हलवून पाहिली. पिस्टन सुटला होता. गाडी चालू झाली. "आता माझ्या पुढं चला," ते म्हणाले, "म्हंजे मला आवाज ऐकू येईल." चाळिशी उलटलेले आम्ही, शाळकरी पोरासारखे त्यांच्या कानांच्या पहाऱ्यात घाट उतरलो. केरीला सारे आमची वाट पाहत चहाविना थांबले होते. कोणी चेष्टा केली नाही. त्या शिक्षिकेने आमच्या कोपरावर औषध लावले आणि प्लगविषयी अवाक्षर काढले नाही. परतीच्या प्रवासात आम्ही आपण होऊन वाटाड्याच्या पाठोपाठ, नवख्याच्या जागी लागलो.

जांबोटीच्या अलीकडे एक लहानसा उतार लागला. आम्ही मूठ किंचित पिळली. 'फर्र.' टाकीवर हसावयास कोणी नव्हते. मागून मात्र त्याच सुरात एकामागून एक उत्तरे आली, पार शेवटच्या फटफटीपर्यंत. हेल्मेटच्या आत माणसाचे डोळे कोणास दिसत नाहीत, ही एक सोयच म्हणावयाची.

मिस्सेला आम्ही दहा मिनिटे उशिरा पोहोचलो, त्याबद्दल धर्मग्रामस्थांची क्षमा मागितलीच आहे. आता वाचकांस एवढेच सांगणे की गोठ्यातली गाडी पुढच्या खेपेवर टाकू नका. ती दुरुस्त होवो वा न होवो. पण जिने वा ज्याने ती चालविली ते माणूस अद्याप ओसरीवर बसले असेल, तर आजच पोते बाजूला करा, त्यास हात धरून तिच्यापाशी न्या आणि विचारा की हा दांडा कशाचा, ही खूण कशाची, आणि उतारावर तुम्ही असे का करीत होता? आम्हांस ते उत्तर मिळाले, पण ते आमच्या मिस्त्रीकाकांच्या तोंडून, घाटातल्या गटारात बसून. तुम्हांस ते तुमच्या ओसरीवर मिळू शकेल.